वाटणीत न गेलेल्या जिल्ह्याचं पत्र

पवनी, जि. भंडारा

प्रिय विद्यापीठा,

तुझं पूर्ण नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. ४ मे २००५ ला ते तुला मिळालं आणि मला ते मनापासून आवडतं. शाळेच्या बाकावर फार दिवस न रमलेल्या माणसाचं नाव पदव्या देणाऱ्या संस्थेला लागावं, यातली गंमत खुद्द महाराजांनाच आधी कळली असती. खंजिरीवर एक थाप जास्तीची पडली असती. पण माझ्या पिढीच्या तोंडात ‘नागपूर विद्यापीठ’च बसलंय. आमच्या गावात तर तेही नाही, नुसतं ‘युनिव्हर्सिटी’. ‘युनिव्हर्सिटीत काम आहे’ म्हटलं की माय पहाटे उठून डबा बांधायची. काम काय, हे तिनं कधी विचारलं नाही.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण पाकिटावर पत्ता कोणता टाकावा याचाच घोळ आहे. एक पत्ता महाराजबागेजवळचा, सिव्हिल लाइन्समधला. दुसरा अमरावती रोडवरचा, ज्याला कागदावर महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर म्हणतात आणि ऑटोवाला ‘कॅम्पस’ एवढंच म्हणतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते चारचौघांनी ऐकावं असंही वाटतं.

२०२३ साली तुझी शंभरी भरली. जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन तुझ्या अंगणात झालं. २ डिसेंबरला तुझ्या १११ व्या दीक्षान्त समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू येऊन गेल्या. शंभरी म्हटली की वाटचालीतले टप्पे मोजायचे, ही रीतच आहे. मोजावेतही. पण आमच्याकडं टप्पा हा शब्द आधी भेटतो तो एस.टी.च्या तिकिटात. सहा किलोमीटरला एक टप्पा. पवनीहून भिवापूर, उमरेड करत नागपूर म्हणजे चौदाएक टप्पे. कंडक्टरच्या खुर्चीशेजारी उभं राहून येता-जाता एवढं कळलंय, की टप्पा कितवा हे गाडी कुठून सुटली यावर असतं. तुझे टप्पे आजवर नागपूरच्या स्टँडवरून मोजले गेले. मी माझ्या स्टँडवरून मोजून बघणार आहे. चुकलं तर सुटे पैसे परत कर.

तुझा जन्म ४ ऑगस्ट १९२३ चा. सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच संसार. आज तालुक्याच्या एकेका कॉलेजात त्याहून जास्त नावं हजेरीपटावर असतात. तुझ्याआधी आमच्या भागातल्या पोराला बी.ए. व्हायचं असलं तर तो शिकायचा नागपुरातच, मॉरिस नाहीतर हिस्लॉप कॉलेजात. पण परीक्षा दुसऱ्याच मुलखाच्या विद्यापीठाची. आधी कोलकात्याची, मग अलाहाबादची. वैनगंगेच्या काठचा मुलगा पास झाला की नापास, हे गंगेच्या काठचे लोक ठरवायचे. ते तुझ्यामुळं थांबलं. आणि तुझा पहिला कुलगुरू होता सर बिपिन कृष्ण बोस, बंगालमधून येऊन नागपुरात वकिली करणारा आणि अखेर नागपूरचाच झालेला माणूस. कोलकात्यानं परीक्षा घेणं बंद केलं, पण माणूस दिला. हिशेब फिटला म्हणायचा.

जन्मतःच तुझ्या नावावर केवढी जमीन! अख्खा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. सागर, जबलपूर, रायपूर, अकोला, बुलढाणा, चांदा, भंडारा, सगळं एका सातबाऱ्यावर. एवढी जमीन एका नावावर टिकत नसते, हे आमच्याकडं माळगुजारांच्या नातवांना विचार.

पहिली वाटणी १९४६ ची. डॉ. हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या कमाईचे पैसे ओतून आपल्या गावी, सागरला, विद्यापीठ काढलं. हा माणूस दिल्ली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू आणि पुढं तुझाही कुलगुरू राहिलेला. म्हणजे घरचा कारभारीच आपल्या गावाकडं वेगळी चूल मांडून बसला. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली आणि सातपुड्यापलीकडचा मुलूख तुला परका झाला. १९६९ ला अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ झालं. महाराजबागेजवळचं जुनं शेतकी कॉलेज तुझ्या शेजारी राहूनही तुझं राहिलं नाही. १ मे १९८३ ला अमरावती वेगळं झालं आणि आख्खा वऱ्हाड गेला. पुढं वैद्यकीय कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं वळली. २०११ ला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं आणि चंद्रपूर, गडचिरोली त्याच्या पदरात पडले.

लोक म्हणतात, घर फुटलं. मला तसं कधीच वाटलं नाही. सिरोंच्याच्या मुलीनं एका कागदासाठी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात प्रवास करून नागपूर गाठावं, हे कुठल्या न्यायात बसतं? थोरल्यानं धाकट्याला रीतसर मोजून द्यावं, तसं तू दिलंस. वाटणीचा अनुभव आम्हालाही आहे. १ मे १९९९ ला आमच्याच जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला. नवेगावबांधचं तळं तिकडं गेलं, तुमसरचा धानाचा बाजार इकडं राहिला. तुझी वाटणी १ मेची, आमचीही १ मेची. महाराष्ट्र दिनाला झेंडा फडकतो तेव्हा आम्हा भंडाऱ्याच्या लोकांच्या मनात दोन-तीन तारखा एकदम येतात.

पण जो वेगळा निघतो त्याला निदान एक तारीख मिळते. त्याचा वर्धापनदिन होतो, फलक लागतो, गीत तयार होतं. जो राहतो त्याचा कुठला दिवस? भंडारा १९२३ ला तुझ्यात होता, आजही आहे. नागपूर तर तुझं घरच. वर्धा आणि गोंदियासोबत आम्ही तुझ्या सातबाऱ्यावर अजून टिकून आहोत. भांडून हिस्सा मागितला नाही, म्हणून आमच्या वाटणीचा कागदच कधी झाला नाही. तो या पत्रातून मागतोय. छोटासा आहे. शेवटी सांगतो.

त्याआधी तुझ्या एका टप्प्याबद्दल, ज्याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे. १९३८ च्या सुमारास हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मुलांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना वसतिगृहातून आणि वर्गातून काढून टाकलं. शेकडो पोरं रस्त्यावर आली. निजामाच्या नाराजीला घाबरून त्यांना घ्यायला सहसा कोणी पुढं येईना. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात तू दार उघडलंस. ती मुलं गाडी पकडून नागपुरात आली, इथं शिकली, इथल्या परीक्षा देऊन परत गेली. त्या लाटेतलं एक नाव पी. व्ही. नरसिंह राव. तुझ्या कायद्याच्या पदवीवर तो माणूस पुढं देशाचा पंतप्रधान झाला. पण समजा, झाला नसता. त्या पोरांपैकी प्रत्येक जण गावच्या कोर्टात साधा वकील म्हणून बसला असता, तरी हा टप्पा माझ्या लेखी पहिल्या नंबरचाच राहिला असता. दुसऱ्याच्या मुलांना जेवायला वाढलं, याची पुण्याई ती मुलं पुढं कोण झाली यावर थोडीच असते?

दुसरा टप्पा पैशाचा आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात सुमारे ३५ लाखांची इस्टेट तुझ्या नावानं होती. अट एकच, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायचं. त्या काळचे ३५ लाख! आमच्या गावात आजही कोणाला ३५ लाख मिळाले तर दोन दिवस गर्दी हटणार नाही. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली १९४२ मध्ये, म्हणजे ते वारल्यावर बारा वर्षांनी. एल.आय.टी. म्हणून ती अमरावती रोडवर इतकी रुजली की त्या रस्त्याचं वळणच तिच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. आणि २०२३ मध्ये, नेमक्या तुझ्या शंभरीच्या वर्षी, तीही वेगळं विद्यापीठ झाली. हुशार मुलगा वेगळा राहायला लागला की बापाला एकाच वेळी अभिमानही वाटतो आणि जेवायच्या वेळी ताटं मोजताना हातही थबकतो. तुझं तसंच झालं असेल.

आता माझं सांगतो. मी तुझ्याकडं आलो १९८१ साली, प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विभागात एम.ए. करायला. एवढं लांब नाव ऐकून गावात एकानं विचारलं होतं, ‘का गा, हे सगळे विषय घेतले का तू?’ उमरेड-भिवापूरवरून जाणारी नॅरोगेज तेव्हा चालू होती. इतवारीला पोचेपर्यंत ती इतका वेळ घ्यायची की भिवापूरची मिरची घेऊन निघालेल्या बाईच्या पोत्याचा ठसका डब्यातल्या सगळ्यांच्या नाकात मुरायचा. २०१९ मध्ये ती बंद झाली, रुळ रुंद करायला. मी मात्र बहुतेकदा एस.टी.नंच यायचो, गणेशपेठला उतरायचो आणि सीताबर्डी, महाराजबाग, लॉ कॉलेज चौक, रवीनगर अशी पायपीट करायचो. पैसे वाचायचे आणि शहर ओळखीचं व्हायचं. भरतनगर ओलांडलं की झाडं दाट व्हायची आणि हवा किंचित थंड. अंबाझरीचा तलाव जवळच. तो गारवा मला घरच्या तळ्याची आठवण द्यायचा, पण आमच्या तळ्याला चिखलाचा आणि कमळाच्या देठांचा वास असतो, अंबाझरीला तो नव्हता.

माझा खोलीतला सोबती यवतमाळचा होता. १९८३ च्या मे महिन्यात पेपर वाचून म्हणाला, ‘बस, आजपासून मी अमरावतीचा आन् तू नागपूरचा.’ मग दोघांनी मिळून एकच चहा अर्धा-अर्धा केला. वाटणीचा पहिला दिवस आम्ही असा पाळला.

पण मला सांगायचंय ते पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधीचं. विभागाच्या वाचनालयात एक सर एका मुलाला पुस्तक दाखवत होते. मी मागं उभा होतो. त्यांनी वळून विचारलं, ‘कुठला रे तू?’ म्हटलं, पवनी. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि ते पुस्तक त्यांनी सरळ माझ्या हातात ठेवलं. ‘पौनी एक्स्कव्हेशन, १९६९-७०’. लेखक शां. भा. देव आणि जे. पी. जोशी. प्रकाशक नागपूर विद्यापीठ, १९७२.

आपल्या गावाचं नाव छापील पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बघितलं की काय होतं, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला नाही कळणार. त्यांची गावं रोजच छापून येतात.

माझं गाव तुला मी काय सांगू, तूच ते खणलं आहेस. तरी बाकीच्यांसाठी सांगतो. पवनी वैनगंगेच्या काठावर. जुना कोट, त्याचा दरवाजा, आणि कोटाला वळसा घालणारा खंदक, ज्यात आजही पाणी साचतं. देवळं इतकी की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. गावाजवळ मातीच्या मोठ्या टेकड्या, त्यातल्या एकीवर जगन्नाथाचं देऊळ, म्हणून ती जगन्नाथ टेकडी. आम्ही लहानपणी तिथं गुरं चारली, बोरं वेचली, घसरगुंडी केली. खाली काय आहे हे कोणाला माहीत नव्हतं. तुझी माणसं आणि पुरातत्त्व खात्याची माणसं मिळून आली आणि त्यांनी टेकडीच्या पोटातून इसवीसनापूर्वीचा स्तूप बाहेर काढला. दगडी कठड्याचे तुकडे, त्यावर ब्राह्मी अक्षरं, दान देणाऱ्यांची नावं. एका दगडावर रिकाम्या आसनावर फणा धरलेला नाग आणि त्याच्यापाशी त्याचं नाव कोरलेलं: मुचरिंदो नागो. बुद्धावर पावसात छत्र धरणारा मुचलिंद. त्या काळात बुद्धाची मूर्ती घडवत नसत, म्हणून आसन रिकामं. सांची-भारहूतच्या तोडीचं काम, आणि त्यावर आम्ही घसरगुंडी खेळलो होतो.

तो थंडीचा हंगाम होता. धानाची कापणी-मळणी उरकलेली, हाताला काम नाही. गावातली बरीच माणसं खोदकामावर मजुरीला गेली. माझे बाबा त्यांतले एक. त्यांच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की मीही तिथं होतो असं वाटतं. दोरी लावून चौकोन आखलेले. कुदळ जोरात मारायची नाही. मारली की ओरडा. माती घमेल्यात, घमेलं चाळणीवर. ‘धान पाखडावं तशी माती पाखडून राहिले होते,’ बाबा सांगायचे, ‘आम्हाले वाटे, सोनं निघते का काय. निघे खापर. आन् खापर निघालं का साहेब लोक असे खूश, का पोरगं झालं.’ एक माणूस दिवसभर एका दगडाची माती ब्रशनं झाडत बसायचा. बाबा आणि त्यांचे सोबती त्याला हसायचे. मग एक दिवस त्याच दगडावर अक्षरं निघाली, आणि हसणं थांबलं.

ते पुस्तक मी पुढं मिळवलं आणि घरी आणलं. बाबांना वाचता येत होतं ते मराठीच, तेही बोट ठेवून. पुस्तक इंग्रजी. पानं उलटत उलटत ते शेवटच्या फोटोंपाशी आले. काळे-पांढरे, थोडे अंधुक फोटो. खड्ड्याची कड, विटांचे थर, आणि उंची कळावी म्हणून उभी केलेली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. एका फोटोवर बोट थांबलं.

‘थे काठी मीनं धरली होती.’

फोटोत हात दिसत नव्हता. काठी उभीच होती, पण कोणी धरल्याशिवाय मातीत काठी इतकी ओळंब्यात उभी राहते का, हे मी आजही ठरवू शकत नाही. बाबांनी ठरवून टाकलं होतं.

विद्यापीठा, तुझ्या टप्प्यांत मी पवनीचा टप्पा मोजतो, तो यासाठी. त्या वेळी तुझा कुलगुरू कोण होता, आठवतं? डॉ. वि. भि. कोलते. १९६६ ते १९७२. पुस्तक निघालं त्याच वर्षी ते पायउतार झाले. सगळं आयुष्य महानुभावांच्या पोथ्यांत घालवलेला हा विद्वान. पुढं १९७८ मध्ये लीळाचरित्राचं मोठं संपादन त्यांनी केलं. त्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या मागं सगळं सोडून निघालेला एक माणूस आहे, निळभट भांडारेकर. भांडारेकर, म्हणजे आमच्या भंडाऱ्याचा. मराठीतल्या पहिल्या गद्य ग्रंथात आमच्या जिल्ह्याचं नाव एका माणसाच्या पाठीवर असं आलेलं. मला उगीच वाटतं, खोदकामाच्या कागदावर सही करताना कोलत्यांच्या डोळ्यांसमोर निळभट येऊन गेला असेल. विद्वान लोकांच्या डोक्यात अशी माणसं राहायला असतात.

तुझा पुरातत्त्व विभाग पवनीवर थांबला नाही. त्याच सुमारास टाकळघाट-खापा, मग माहुरझरीची शिळावर्तुळं, पुढं डॉ. अजय मित्र शास्त्री यांच्या हाताखाली कुहीजवळचं मांढळ. वा. वि. मिराशींनी ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून वाकाटकांचा इतिहास वाचून दाखवला होताच. दगड, विटा आणि तांब्याचे पत्रे यांतून विदर्भाला स्वतःचा प्राचीन इतिहास तुझ्यामुळं मिळाला. इतकंच काय, तुझ्या भूगर्भशास्त्राच्या मुलांनाही आमचा जिल्हा पाठ असतो. खडकांच्या एका जुन्या समूहाचं नावच ‘साकोली’. आम्हाला साकोली म्हटलं की राष्ट्रीय महामार्गावरचा थांबा आठवतो आणि त्यांना रूपांतरित खडक. तुमसरच्या चिखल्याला, डोंगरी बुजुर्गला मॅंगनीज, दहेगावला कायनाइट. जमिनीखालचा भंडारा तू चांगलाच जाणतोस. वरचा भंडारा बोलतो त्याला हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोली म्हणून मान मिळवून दिला. तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, आणि दंडारीत रात्रभर बसतो.

आता माझा हिस्सा.

तुझ्या वाटचालीत एक टप्पा असा आहे की त्याचा गाजावाजा कमी झाला. स्वातंत्र्याच्या आगेमागे तू ठरवलंस की शिक्षण मराठीतून आणि हिंदीतून द्यायचं. तेव्हा मोठमोठी विद्यापीठं इंग्रजी सोडायला धजत नव्हती. नागपुरात डॉ. रघुवीर शब्दामागून शब्द घडवत बसले होते; त्यातले काही रुळले, काहींवर लोक हसले. हसू दे. ज्या भाषेत शेतकरी आपल्या पोराला सांगतो त्या भाषेत त्या पोराला रसायनशास्त्र शिकवायचं, हे धाडस होतं. तुझं ते वय धाडसाचं होतं.

म्हणून मागतो. ‘पौनी एक्स्कव्हेशन’ पवनीच्या पोराला वाचता येईल अशा मराठीत आण. अनुवाद कर म्हणत नाही. अनुवादात तो खड्डा पुन्हा बुजेल. नव्यानं लिही. आराखडे असू दे, खापरांची चित्रं असू दे, पण ‘स्तर’, ‘उत्खनन’, ‘अवशेष’ एवढ्यावर थांबू नको. घमेलं लिही, चाळणी लिही, दोरी लिही. त्या हंगामात जगन्नाथ टेकडीवर खणायला गेलेल्यांपैकी कोणी अजून असतील, तर त्यांच्याकडं एक मुलगा वही घेऊन पाठव. ऐकायला बोली येणारा हवा. फार वर्षं उरली नाहीत. माझे बाबा तर नाहीतच.

गावाजवळ आता रुयाडला महासमाधीभूमीचा मोठा नवा स्तूप आहे. फेब्रुवारीत तिथं लोकांची रीघ लागते. तिथं आलेली माणसं विचारतात, जुना कुठाय? मी त्यांना टेकडीपाशी नेतो. देऊळ दाखवतो, मातीचा उंचवटा दाखवतो. मग ते विचारतात, ‘याच्यावर काही पुस्तक आहे का?’ आहे, म्हणतो. ‘कोणत्या भाषेत?’ इथं माझी अडचण होते. माझ्याकडची प्रत काढून फोटो दाखवतो. काठीच्या फोटोपाशी पान आपोआप उघडतं, इतकं ते त्या जागी मोडलंय.

पुस्तक काढायला किती दिवस लागतील ते तुझं तू बघ. पण माणूस पाठवायचा असेल तर दिवाळीच्या आसपास पाठव. खंदक तेव्हा भरलेला असतो आणि बाजारात शिंगाडे आलेले असतात. उकडलेले हवेत की कच्चे, ते आधी कळव.

तुझा,
१९८१-८३ चा एक विद्यार्थी

ता. क. १९७२ च्या पुस्तकाची एखादी जादा प्रत तुझ्याकडं उरली असेल तर तीही येणाऱ्या माणसाच्या हाती दे. माझ्या प्रतीवर कौलातून पाणी गळलं. शेवटचे चार फोटो एकमेकांना चिकटलेत, आणि सोडवायला माझा हात धजत नाही.